खाच



आज जी गोष्ट लिहितेय, ती माझ्या चुकीची आहे.

सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शिक्षिका आहे. चौथीतला एक मुलगा शाळेत तीरकामठा घेऊन आला. परिपाठ चालू असताना बाकाखाली त्याची दोरी वाजवत बसला होता. मी कामठा काढून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. "घरून कोणाला तरी घेऊन ये, मग मिळेल," असं सांगितलं. घरून कोणी आलं नाही आणि मीही विसरले. बारा दिवस कामठा कपाटात होता, तोही दोरी चढवलेलाच.

होळी जवळ आली तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, होळीला पाहिजे." एवढंच बोलला.

कपाटाच्या फळीत अडकलेला कामठा निघेना. म्हटलं, आधी दोरी काढू. कामठा वाकवून दोरी सैल करायची असते, हे मला कुठे माहीत! स्क्रूड्रायव्हर घातला आणि दोरीचा फासा उचकटला. चर्रकन आवाज झाला. खाचेचा एक कान बांबूच्या रेषेत चिरत गेला आणि हातात आला. मुलगा काही बोलला नाही. त्याने तो तुकडा उचलून खिशात ठेवला.

संध्याकाळी त्याच्यासोबत त्याच्या घरी गेले. कामठा आजोबांनी केलेला होता. आजोबा पावरीत बोलत आणि तो मला मराठीत सांगे. वर्गात माझ्याशी चार शब्द न बोलणारा हा मुलगा तासभर माझा दुभाषा झाला होता.

आजोबा रागावले नाहीत. आधी त्यांनी कामठा डोळ्यांसमोर धरून पाहिला. दोरी उतरवली तरी तो थोडा वाकलेलाच राहिला होता. काम नसताना दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर बांबूला वाकायची सवय लागते आणि जोर जातो. म्हणजे खाच तोडायच्या आधीच मी नुकसान केलं होतं.

मग खाचेचा विचार सुरू झाला. मी सुचवलं, "तुटलेल्या जागेखाली दोऱ्याची घट्ट गुंडाळी करून त्यावर दोरी अडकवली तर?" तसंही चालतं, आजोबा म्हणाले, पण चीर आत गेलेली आहे, ती ताण पडला की पुढे सरकेल. चिरलेला भाग कापून नवी खाच करणंच बरं. त्यांनी तुटलेल्या टोकावर दोन बोटं मोजून खूण केली. नंतर दुसऱ्या, धडधाकट टोकावरही तेवढीच खूण केली.

मी विचारलं, "ते टोक तर चांगलं आहे, ते कशाला कापायचं?"

मुलानेच उत्तर दिलं. आजोबांना विचारलंसुद्धा नाही. "एकच बाजू आखूड झाली तर ती कडक होते मॅडम. दुसरी जास्त वाकते. मग मोडते."

खाच कशी करतात ते मी जवळून पाहिलं. बांबूची बाहेरची बाजू म्हणजे कामठ्याची पाठ. ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून पाठीवर आडवा काप देत नाहीत. खाच दोन्ही कडांना करतात, तीही दोरी जिकडे ओढणार त्या दिशेने तिरपी. खोली दोरीच्या जाडीएवढीच. जास्त खोल गेलं की टोक कमजोर होतं. काप झाल्यावर काचेच्या तुकड्याने धार घासून गोल करायची, नाहीतर तीच धार दोरी कापते. दोरीसुद्धा बांबूच्याच पातीची. एका टोकाला ती पक्की बांधलेली, दुसऱ्या टोकाला फासा. टोक कापल्यावर दोरीही तेवढी आखूड करून पुन्हा बांधावी लागली.

दुसऱ्या दिवशी हाच कामठा वर्गात धडा झाला. बाण मात्र घरी ठेवायला सांगितले होते. आधी लांबी १४२ सेंमी होती, दोन्हीकडून ४ सेंमी कापली, उरली किती? खाचेचा कोन कोनमापकाने मोजला, तो ४५ अंशांच्या जवळपास भरला. धनुष्याच्या टोकाला संस्कृतात 'कोटी' आणि 'अटनी' म्हणतात, हे मी फळ्यावर लिहिलं. इंग्लंडच्या 'मेरी रोझ' जहाजाबद्दलही सांगितलं. ते १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलं. त्यात यू झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. त्या धनुष्यांच्या टोकांवर शिंगाच्या टोप्या बसवत आणि खाच त्या शिंगात करत. "लाकूड मऊ असेल म्हणून," एक मुलगी म्हणाली. बरोबर होतं. ताठ दोरी लाकडात रुतू नये म्हणूनच शिंग.

तो मुलगा त्या दिवशी एका दमात वाचायला लागला, असं काही झालं नाही. अजूनही अडखळत वाचतो. पण 'खाच कशी करावी' यावर त्याने वहीत पाच ओळी लिहिल्या, त्याही स्वतःच्या. जोडाक्षरं चुकली आहेत. मी अजून लाल पेन लावलेलं नाही.

होळीला तो कामठा खांद्यावर घेऊन गेला. आठ सेंटिमीटरने आखूड, आणि थोडा वाकलेला.

मी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. आता कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलाय: 'मुलांची वस्तू सकाळी घेतली तर संध्याकाळच्या घंटेला परत.' हा नियम मुलांसाठी नाही, माझ्यासाठी आहे.

तुमच्या कपाटात कोणाचं काय आहे, एकदा उघडून बघाल?