भोक नसलेली गळती

हवेला रंग नाही, वास नाही, आणि आमच्या दुकानात येणाऱ्या पुष्कळांच्या मते तिला किंमतही नाही. "हवाच तर भरायची आहे!" असे म्हणून माणसे सायकल खांबाला टेकवतात. नाशिकमध्ये माझे वडील गेली बावीस वर्षे पंक्चरचे दुकान चालवतात. दुकान म्हणजे चार पत्रे, एक काँप्रेसर, पाण्याचे घमेले, कानस, सोल्यूशनच्या नळ्या आणि टांगलेले जुने टायर. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सकाळी व्याख्याने आणि दुपारी दुकान असा माझा दिनक्रम. तेव्हा इतर मैत्रिणी पावसावर नि चांदण्यावर लिहीत असताना मी हवेवर लिहिते आहे, याचा वाचकांनी राग मानू नये.

अण्णांचे शास्त्र साधे आहे. ट्यूब बाहेर काढायची, हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यातून थोडी थोडी फिरवायची. जिथे बुडबुडे तिथे भोक. मग कानशीने घासायचे, सोल्यूशन लावायचे, ठिगळ बसवायचे. गिऱ्हाईक हा सारा प्रकार डोळ्यांनी पाहते आणि मगच खिशात हात घालते. बुडबुडा हा आमच्या धंद्यातला साक्षीदार!

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पुरी केली. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पुढे पुढे आमच्या रस्त्याने पहाटे बारीक टायरांच्या, वाकड्या हँडलच्या सायकली अधिक दिसू लागल्या आणि त्यांतल्या काही आमच्या पत्र्याखालीही आल्या. यांतल्या कित्येकींना ट्यूबच नसते. रिमच्या भोकांवर चिकटपट्टी, तिच्यातून वर काढलेला व्हॉल्व्ह, रिमच्या खाचेत घट्ट बसलेली टायरची कड आणि आत थोडे पांढरे द्रव. त्याला सायकलवाले 'सीलंट' म्हणतात, अण्णा 'चीक' म्हणतात. अण्णांचा शब्द काही चुकीचा नाही, कारण बहुतेक सीलंटांत रबराचा चीकच असतो. बारीक छिद्र पडले की हवेच्या लोटाबरोबर तो तिथे धावतो आणि गोठून भोक बुजवतो.

मागच्या हिवाळ्यात एक साहेब आठवड्यात तिसऱ्यांदा आले. म्हणाले, "अण्णा, काल दुपारी सत्तर पौंड भरून नेली, पहाटे बघतो तर बासष्ट! पंक्चर काढायचं राहिलंय तुमच्याकडून." अण्णांनी आख्खे चाक पाण्यात फिरवले. एकही बुडबुडा नाही. "साहेब, पंक्चर नाही हो." "मग हवा काय उडून गेली?" साहेबांनी पैसे दिले, पण जाता जाता सोबतच्याला म्हणाले, "माणूस पुन्हा पुन्हा यावा, यावरच तर यांचं चालतं." अण्णांनी ते ऐकले. बावीस वर्षांत त्यांना कुणी लबाड म्हटले नव्हते. त्या रात्री ते अर्ध्या भाकरीवरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसले. सीलंटच्या बाटलीबरोबरचे इंग्रजी पत्रक शब्दकोश घेऊन लावले आणि रबरावर मिळेल ते वाचले. कळले ते असे, की हवेला बाहेर पडायला भोक लागतेच असे नाही. ती रबरातून पाझरते. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्युटिल नावाचे रबर तयार झाले. त्यातून हवा फार सावकाश जाते, म्हणून ट्यूबसाठी ते चांगले. पण ट्यूबच नसेल तर हवा धरण्याचे सारे काम टायरवर, पट्टीवर आणि व्हॉल्व्हवर येते. शर्यतीचा टायर हलका हवा म्हणून त्याच्या बाजू पातळ असतात. शिवाय त्यात हवा थोडी आणि दाब मोठा. रांजणातून वाटीभर पाणी गेले तर कळत नाही, तांब्यातून गेले तर लगेच कळते. चीकही दोन ते सहा महिन्यांत वाळतो, उन्हाळ्यात आणखी लवकर.

आणि सर्वांत गमतीची गोष्ट थंडीची. दुपारी ३० अंशांत ७० पौंड भरलेली हवा पहाटे १० अंशांत सुमारे साडेपाच पौंडांनी कमी भरते, आणि तीही एक कणसुद्धा बाहेर न जाता! हे मी अण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, "म्हणजे हवा आखडते. हातपाय आखडतात तशी." मला गणित मांडायला अर्धा तास लागला होता.

त्यावर त्यांनी एक वही घातली. संशयाची सायकल दोन-तीन दिवस दुकानात ठेवून घ्यायची, रोज दुपारी दोनलाच गेज लावायचा आणि आकडा मला लिहायला सांगायचा. दिवसाला दोन पौंड उतरली तर ते टायरचे श्वास घेणे. आठ-दहा उतरली तर पट्टी, व्हॉल्व्हची पिन नि टायरची कड यांना साबणाचे पाणी लावायचे. त्या साहेबांनाही अण्णांनी वही दाखवली आणि वर सांगितले, "पंक्चर नाही. गेजवाला पंप घ्या आणि निघण्याआधी रोज घरीच हवा बघा. माझ्याकडं चीक वाळला की या." साहेब काही बोलले नाहीत. आता ते तीन-चार महिन्यांनी येतात. खरे बोलण्यात आमची गिऱ्हाइकी कमी झाली, असे आई म्हणते. अण्णा त्यावर हसतात, पण जेवतात पोटभर.

ही वही लिहिता लिहिता मला आमचा वर्ग आठवतो. प्रथम वर्षाला पहिल्या बाकांवर असलेल्या काही मैत्रिणी यंदा नाहीत. काय झाले म्हणून विचारले तर सांगण्याजोगे कुणालाच काही झालेले नाही. कुणी नापास नाही, कुणाच्या घरी भांडण नाही. कधी एस.टी.च्या पासाचे पैसे नव्हते, कधी कांदे काढायला माणूस नव्हते, कधी धाकट्या भावाला सांभाळायचे होते. रोज दोन-दोन पौंड. आपण मात्र बुडबुडा शोधत राहतो आणि तो दिसत नाही म्हणून 'तिलाच शिकायचे नव्हते' असे म्हणून मोकळे होतो. गुरुजनांच्या हाती हजेरीपट आहे. सत्राच्या शेवटी टक्केवारी काढण्यापुरता तो न उघडता, अण्णांच्या वहीसारखा रोज वाचला गेला, तर उतरता आकडा वेळेवर दिसेल. उरलेले काम आम्हां मैत्रिणींचे. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन, "उद्या येतेस ना गं?" एवढे विचारायचे.