रेडीची सहल

वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोकास, गोव्याच्या सीमेलगत, रेडी हें लोहखनिजाच्या खाणींसाठीं ओळखलें जाणारें लहानसें बंदर आहे. गतवर्षीं आम्ही मुलांस घेऊन तेथें गेलों.

प्रथम यशवंतगड पाहिला. जांभ्या दगडाच्या भिंती वडाच्या मुळांनीं घट्ट आवळल्या आहेत. १८१९ सालीं इंग्रजांनीं हा गड जिंकला, वगैरे इतिहास आम्ही मोठ्या आवेशानें सांगत होतों. इतक्यांत एक मुलगा खाणीच्या तांबड्या मातीकडे एकटक पाहतांना दिसला. "बाळ, इकडे लक्ष दे," असें आम्हीं किंचित् रागावूनच म्हटलें.

तो हळूच म्हणाला, "सर, माझे आजोबा त्या खाणींत होते. त्यांना खोकला लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. गड कोणीं जिंकला हें आम्हांस ठाऊक होतें. डोंगर कोणीं खणला हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

पुढें द्विभुज गणपतीचें मंदिर लागलें. ती मूर्ति १९७६ सालीं खाणीच्या भागांतच सांपडली. नंतर कुंपणाबाहेरून पाण्यानें भरलेला एक जुना खड्डा पाहिला. तेथें मात्र तो मुलगाच आमचा शिक्षक झाला. आजोबा माती कशी काढीत, ती पडावांतून दूर नांगरलेल्या जहाजांवर कशी जाई, हें तो सांगत होता. वर्ग इतका शांत आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

विद्यार्थिमित्रहो, सहलीस जाल तेव्हां दगडांबरोबर माणसांचीहि विचारपूस करा. आम्ही ती उशिरां शिकलों.