पिवळ्या बसमधले बिऱ्हाड

न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रिडोंडो बीच सुमारे ८०० मैल. वाट बहुतेक रखरखीत. अशा उजाड मुलखात माणसांना एकमेकांची तोंडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ‘लिटल मिस सनशाइन’ (२००६) या बोलपटात हूव्हर कुटुंब ही वाट जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन बसने तुडवते. कशासाठी? तर छोट्या ऑलिव्हला बालसौंदर्यस्पर्धेत उतरायचे आहे! सोबत आईबाप, मरणाच्या दारातून परतलेला मामा, मौनव्रती भाऊ आणि तोंडाळ आजोबा.

वाटेत क्लच जातो. मग सर्वांनी गाडी ढकलायची आणि वेग आला की धावत धावत एकेकाने आत उडी घ्यायची. एस.टी. ढकललेल्या वाचकांना अधिक काय सांगावे!

आजोबा मुक्कामातच जातात. इस्पितळाचे सोपस्कार करीत बसले तर स्पर्धा चुकेल; म्हणून प्रेत खिडकीतून काढून गाडीत घालतात. हसू आवरत नाही आणि हसण्याची लाजही वाटते. आजोबा झालेल्या ॲलन आर्किनला ऑस्कर मिळाले, पटकथेलाही मिळाले. मला विचाराल तर एक त्या बसलाही द्यायला हवे होते. परतीच्या वाटेलाही तिला सगळ्यांनी मिळून ढकलावेच लागते.