चौक्याच्या गाडीबरोबर एक दिवस

मोटारीला मागे घर जोडून रानोमाळ हिंडावे आणि सायंकाळ होईल तेथे मुक्काम करावा, अशा परदेशी सहलींची चित्रे आपली मुले हल्ली कौतुकाने दाखवितात. ती पाहताना मनात येते, की असा प्रवास आपल्या समाजाला नवा नाही. १९२७ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ दक्षिणेतून सम्मेदशिखरजीकडे निघाला, तेव्हा मुंबईच्या जव्हेरी कुटुंबाने व्यवस्थेचा भार उचलला होता. मुनी पायी चालत होते आणि त्यांच्याबरोबर श्रावकांचा सारा संसार वाटेवर चालला होता. त्या परंपरेतील एक लहानसा दिवस गेल्या माघात आमच्या वाट्याला आला.

सोलापूरहून कुंथलगिरीकडे विहार करणाऱ्या संघाबरोबर आम्ही तीन दिवस चौका नेला. एरवी दुकानाचा माल वाहणारा टेम्पो धुऊन काढला. त्यात पितळी भांडी, शेगडी, सोवळ्याची वस्त्रे, जाड कापडाची गाळणी आणि घरच्या जात्यावरचे पीठ ठेवले. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणून डब्यावर दळणाची तिथी लिहिली होती. हकीकत दुसऱ्या दिवसाची आहे.

नान्नजहून उजाडल्यावरच निघालो. सूर्योदयापूर्वी मुनी पाऊल उचलीत नाहीत. चार हात पुढची जमीन डोळ्यांनी शोधीत चालायचे, तर प्रकाश हवाच. या माळावर १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाले. हा पक्षी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवरच अंडे घालतो. पाहून पाऊल टाकण्याचा अर्थ पुस्तकापेक्षा त्या माळावर मला अधिक उमगला. माळढोक आता क्वचितच दिसतो. आम्हाला दूरवर काळविटांचा कळप तेवढा दिसला.

वडाळ्याच्या पुढे रस्त्यालगत चिंचेखाली टेम्पो थांबविला. शेतकऱ्याकडे जागा आणि पाणी मागितले. "शेटजी, हीर आपलीच समजा," म्हणून त्याने स्वतःच दोर आणून दिला. पाणी शेंदले, दुहेरी कापडातून गाळले आणि गाळण्यावरची जिवाणी कडीच्या भांड्याने अलगद त्याच विहिरीत सोडली. शेतकऱ्याची आई हे सारे निरखीत होती. "ज्याचं घर त्याला माघारी दिलं म्हणा की," ती म्हणाली. इतक्या थोड्या शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते.

सूनबाईचा हा पहिलाच चौका. दहाच्या सुमारास आम्ही कलश घेऊन उभे राहिलो. महाराजांचा विधी आमच्याच दारी मिळाला. दार कसले, चिंचेची सावलीच ती! नवधा भक्ती झाली, ओंजळीत पाणी दिले, घास सुरू झाले. तिसऱ्या की चौथ्या घासात केस निघाला. महाराजांनी ओंजळ सोडली, शांतपणे मुखशुद्धी केली आणि कमंडलू घेऊन ते परतले. अंतराय! आता दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही.

सूनबाई भांड्यांपाशी बसून रडू लागली. तिला कोणी बोलले नाही. पण दोष कोणाचा, हे मला ठाऊक होते. दुकानातून फोन येत होते, एक व्यवहार अडला होता, आणि तो लवकर मिटवावा म्हणून मी सकाळपासून साऱ्यांच्या मागे तगादा लावला होता. पीठ पुन्हा चाळायचे, धान्य पुन्हा पाहायचे, ते त्या घाईत राहून गेले. दुपारी महाराजांपुढे मी हे कबूल केले. अंतराय हा आपल्याच कर्माचा उदय आहे, दात्याने खेद करू नये, असे सांगून त्यांनी सूनबाईकडे पाहिले आणि आशीर्वादाचा हात उचलला. मला मात्र तेवढ्याने मोकळे वाटले नाही. मी फोन बंद करून टेम्पोत ठेवला.

चारच्या सुमारास संघ निघाला. उन्हात, कोरड्या ओठांनी, त्याच संथ पावलांनी महाराज चालत होते. मी गाडीत न बसता मागून चाललो. सूर्यास्तापूर्वी एका शाळेच्या आवारात मुक्काम पडला. त्या दिवशी घरातल्या थोरांपैकी कोणी जेवले नाही. रात्री टेम्पोशेजारी सतरंजी अंथरून पडलो. वर चांदणे होते, चोहीकडे उभी ज्वारी वाऱ्याने सळसळत होती.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने एकेक दाणा पाहिला आणि आहार निरंतराय झाला. तिच्या तोंडावरचा आनंद पाहून माझेही मन हलके झाले.

चिंचेखालून निघताना मी शेतकऱ्याच्या हाती पैसे ठेवू लागलो होतो. "पाण्याचं कुनी पैसं घेतंय व्हय?" म्हणून त्याने हात मागे घेतला. घरी परतल्यावर प्रवासाचा जमाखर्च लिहिला. डिझेल, धान्य, साऱ्याची नोंद झाली. त्या विहिरीच्या पाण्यापुढचा रकाना मात्र कोराच राहिला आहे. येत्या माघात पुन्हा त्या वाटेने जायचे ठरविले आहे; या वेळी फोन घरी ठेवून.