पुढची काच

आज बाबांच्या जुन्या टाटा ट्रकची पुढची काच अंगणातच बदलली. कार्लेखिंडीत उडालेल्या खड्याने पडलेली चीर आठवडाभरात पार कडेला पोचली होती. तरी काच अंगावर आली नाही. दोन काचांमधला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा तुकडे धरून ठेवतो.

जुनं रबर सुरीने कापलं आणि खरं दुखणं दिसलं. खालच्या पत्र्यावर गंजाचे पोपडे! अलिबागचं खारं वारं रबराखालीही शिरतं. घाईने नवी काच बसवली असती, तर पहिल्याच पावसात पाणी आत आलं असतं. म्हणून कालचा अख्खा दिवस घासण्यात आणि रेड ऑक्साइड मारण्यात गेला.

सकाळी काचेला नवं रबर चढवलं, त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. मी आणि पुतण्याने काच बाहेरून धरली. बाबा आत बसून दोरी ओढू लागले. दोरीमागोमाग रबराची कड पत्र्यावरून आत पलटत जाते, बाहेरून तळहाताने थापत राहायचं.

"सावकाश रे, कोपरा आला."

कोपऱ्यातच काच जाते.

टाटांचे ट्रक बनवणाऱ्या टेल्कोचा डाइमलर-बेंझशी १९५४ साली झालेला करार १९६९ला संपला, ट्रकच्या नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला. बाबा मात्र आमच्या गाडीला अजून मर्सिडीजच म्हणतात, आणि मला ते फार आवडतं.

शेवटी काचेवर बादलीभर पाणी ओतलं. बाबांनी आतून कडेकडेने बोट फिरवलं. कोरडं.