शुभेच्छांची जाहिरात

"तुमचे मिस्टर कोणत्या पेपरात असतात हो?" असे शेजारच्या काकूंनी विचारले, की आमची सौ. हल्ली विषय फराळावर नेते. तिचे तरी काय चुकले? पेपर नाही, कचेरी नाही, गळ्यात अडकवायला ओळखपत्र नाही. एक मोबाइल, त्याची तिपाई आणि छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत धापा टाकणारी जुनी स्कूटर, एवढ्या भांडवलावर मी पत्रकार! माझ्या वाहिनीला दोन हजार वर्गणीदार आहेत. फक्त वर्गणी कोणी देत नाही.

जायकवाडीचा नाथसागर इथून जेमतेम ५० किलोमीटरवर, पण २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हते. तेव्हापासून टँकर हा माझा हक्काचा विषय. यंदा एक टँकर वस्तीऐवजी बांधकामावर रिकामा होताना दिसला, तो मी दाखवला. दोन दिवसांत चित्रफीत गायब! कोणीतरी तक्रार केली होती, की ते चित्रीकरण माझे नव्हे, त्याचे आहे. ९० दिवसांत अशा तीन तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या, की वाहिनीला कुलूप. दाद मागितली, तर उत्तर यंत्राने दिले.

आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली हैदराबादेत 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. निजाम सरकार बंदी घाली आणि ते नवे नाव घेऊन पुन्हा अंक काढीत. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण त्या बंदीहुकमाखाली निदान कोणाची तरी सही असे!

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन आले. "दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात द्यायचीय. टँकरचं ते तेवढं पुन्हा चढवू नका." त्यांनी सांगितलेल्या रकमेत किराण्याची थकबाकी, मुलीचा फ्रॉक आणि स्कूटरचे टायर, सगळे बसत होते. मी स्वयंपाकघराकडे पाहिले. आत तेल चुरचुरत होते. खोटे कशाला बोलू, माझ्या तोंडून 'नाही' निघत नव्हते.

सौ. बाहेर आली ती बशी घेऊन. "चकली घ्या," ती म्हणाली, "आणि हा पुडा जाताना घेऊन जा."

रात्री मी चित्रफीत पुन्हा चढवली. झोप कसली लागते! पहाटे भिंतीपलीकडून काकूंची हाक आली.

"अहो, आज पाणी किती वाजता? तुमच्या पेपरात आलं नाही अजून!"