डिपरची भाषा

तर मंडळी, या विकांताला एक सोपा प्रश्न. समोरच्या गाडीने तुम्हाला डिपर मारला, तर त्याचा अर्थ काय?

कोल्हापुरात अर्थ सरळ आहे: "मी येतोय, तू थांब." इंग्लंडमध्ये नेमका उलटा: "तू जा, मी थांबतो." गंमत म्हणजे तिथल्या 'हायवे कोड'मध्ये यातलं काहीच नाही. डिपर फक्त 'मी इथे आहे' हे सांगायला वापरावा, एवढंच त्यात लिहिलंय. २०२३ मध्ये मी जर्मनीत ऑनसाइट होतो. तिथे ऑटोबानवर मागच्याने डिपर मारला तर तो ओव्हरटेकचा इशारा, आणि कायद्यालाही तो मान्य आहे. दिवा एकच, अर्थ तीन. आपल्या लाइनमधले लोक म्हणतील, प्रोटोकॉल नीट डॉक्युमेंटच केलेला नाही :-)

पण परदेशात जायची तरी काय गरज? आपल्याच घाटात पुढचा ट्रकवाला 'जा पुढं' सांगताना कधी डावा इंडिकेटर देतो, कधी उजवा. आता उजवा म्हणजे 'जा' की 'मी उजवीकडे वळतोय'? हे त्याचं त्याला माहीत, आणि आपलं नशीब.

तरीही गावात आपलं अडत नाही. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत बघा. रिक्षा, बुलेट, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, मध्येच एखादी म्हैस.. सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाट काढतात. हात वर केला की थांब, मान हलवली की जा. वेग जेमतेम पंधराचा, त्यामुळे चूक झाली तरी फार तर आरसा तुटतो आणि दोन शिव्या मिळतात. ही पद्धत चालते, कारण आपण एकमेकांना दिसत असतो.

प्रश्न येतो तो अंधारात आणि वेगात. तिथे डोळे दिसत नाहीत, मान दिसत नाही. समोरचा माणूस पूर्ण अनोळखी. नियम खरं तर या अनोळखी माणसासाठी असतो.

आता लायसन्सचं बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, परीक्षेत काय काय तपासायचं याची चांगली लांबलचक यादी आहे. आरसा बघणं, इशारे देणं, ओव्हरटेक करणं, दुसऱ्याला करू देणं, सगळं आहे. पण कुणालाही विचारा, टू-व्हीलरच्या टेस्टचं आठवतं काय? आठचा आकडा! पाय न टेकता आठ काढला की जिंकलो. आठ काढायला बॅलन्स लागतो, मान्य. पण त्या आठमध्ये तुम्ही एकटेच असता. समोरून कुणी येत नाही, आणि रात्र तर कधीच होत नाही.

मी होतो तेव्हा जर्मनीत कारच्या लायसन्ससाठी ९० मिनिटांचे १४ थिअरी वर्ग, प्रथमोपचाराचा कोर्स आणि ४५ मिनिटांचे १२ खास ड्राइव्ह सक्तीचे होते: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर आणि ३ चक्क अंधारात. खर्च अडीच-तीन हजार युरो सहज, त्यामुळे तिथली पोरंही वैतागलेली असतात. पण २०२२ मध्ये त्या देशात रस्त्यावर २,७८८ माणसं गेली, आपल्याकडे १,६८,४९१. लोकसंख्येच्या हिशोबाने आपण साडेतीन पट. तेही तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच भागात वेगाला मर्यादाच नसताना. रस्ते, दवाखाने, गाड्या असा फरक बराच आहे, सगळं श्रेय परीक्षेला देणार नाही. पण ते तीन अंधारातले ड्राइव्ह डोक्यातून जात नाहीत.

कारण आमच्याकडचा अंधार म्हणजे उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाजूला लोंबणारा ऊस, पुढे कर्ण्यावर जोरात गाणी आणि मागे दिवा नाही. आवाज पुढे, अंधार मागे. रिफ्लेक्टर लावायचा नियम आहेच, तो आपण काही जर्मनीकडून आणायचा नाही.

माझ्या काकांचा ट्रॅक्टर आहे, मुरगूडकडे. गेल्या सीझनला ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर नव्हते, म्हणून मी विषय काढला. काका म्हणाले, "आरं, आपला ट्रॅक्टर समद्या रस्त्याला म्हाईत हाय."

अगदी खरं आहे. गावातल्या पोरासोरांना ट्रॉलीचा रंगसुद्धा पाठ आहे. पण बेळगावहून येणाऱ्या कारवाल्याला ते कसं ठाऊक असणार?

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, यंदाच अठरा पूर्ण झाला. आठ काढून लायसन्स मिळवलं आणि कागलच्या एमआयडीसीत लागला. सेकंड शिफ्ट. रात्री बाराच्या पुढे बाईकवरून कागल-मुरगूड रस्त्याने घरी येतो.

मी एवढंच म्हटलं, "काका, तुमची ट्रॉली त्याला माहीत आहे. पण रात्री तो ज्या ट्रॉलीच्या मागे असतो, ती दुसऱ्या कुणाची तरी असते."

काका काही बोलले नाहीत. काकू मात्र जेवण वाढता वाढता थांबल्या.

असो. लाल रिफ्लेक्टर टेपचं रीळ काही फार महाग नाही. यंदा ट्रॉल्या बाहेर पडायच्या आधीच्या रविवारी मी घेऊन जाणार आहे. तुमच्याही घरी, नात्यात कुणाचा ट्रॅक्टर असेल तर एक रीळ जास्तीचं घ्या.